भरिताच्या पाटीवरचं पहिलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. एरंडोलच्या बाहेर महामार्गाला जो सर्व्हिस रोड फुटतो, तिथे भरिताचं एक दुकान आहे. त्या दुकानाच्या कपाळावर मी टांगलेली असते. तुमच्या शाळेच्या निबंधात छत्री रडते, फळा रडतो, मोडकी खुर्ची रडते. मी रडणार नाही. पत्रा आहे मी. ठोकलात तर वाजेन, आणि जे वाजेल ते कोणाला आवडो न आवडो.

माझा जन्म तेलाच्या पिंपातून झाला. भंगारवाल्याने पिंप उभं कापलं आणि घणाने ठोकून ठोकून सपाट केलं. एरंडोलच्या हाशम पेंटरने मला पॉलिश पेपरने घासलं, तांबडा हात दिला, त्यावर पांढरा दिला आणि खडू लावलेल्या दोऱ्याने माझ्या अंगावर रेघा मारल्या. हाशमचा हात त्या काळात चाकूसारखा चाले. ट्रकच्या मागची अक्षरं त्याची, बैलगाड्यांवरची नावं त्याची, निवडणुकीच्या भिंतीही त्याच्याच, मग पक्ष कोणताही असो.

मला घेऊन तो महामार्गावरच्या एका झोपडीवजा दुकानात आला. दुकान पुष्पाबाईचं होतं. म्हणजे पहाटे उठून वांगी निवडायची ती, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ती भाजायची ती, लाकडी भांड्यात मुसळाने ठेचायची ती, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायचीही तीच. तिचे मालक भाईदास. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा बाजेवर बसून पैसे घेत आणि गिऱ्हाइकाशी राजकारण बोलत. हे काम नाही असं मी म्हणत नाही. पण त्या कामाने हाताला फोड येत नाही.

हाशमने ब्रश भिजवला आणि चुलीकडे तोंड करून विचारलं, "भाभी, नाव कोणाचं टाकू?"

पुष्पाबाईने धुरातून मान वर केली. तोंड उघडलं. तेवढ्यात बाजेवरून उत्तर आलं.

"इचारनं काय त्यामा? नाव घरधनीनं ऱ्हास. बैलगाडीवर कोनं नाव ऱ्हास? लगीननी पत्रिकावर पहिलं नाव कोनं ऱ्हास?"

"ते खरं, भाऊ. पण वांगं कोण भाजतं?" हाशम हसत म्हणाला.

"भाजस ती. पन दुकान मनं शे."

झालं. माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलं गेलं: 'भाईदास खान्देशी भरीत सेंटर'. खाली बारीक अक्षरांत, 'प्रोप्रा. भाईदास'. प्रोप्रायटर म्हणजे धंद्याचा एकटा मालक. हा बारीक शब्द लक्षात ठेवा. पुढे तो फार महाग पडणार आहे. कोपऱ्यात हाशमने एक हिरवं वांगं काढलं. आमच्याकडचं भरिताचं वांगं हिरवंच असतं, पण पुण्या-मुंबईचे गाडीवाले ते बघून विचारायचे, "इथे दुधीभोपळा मिळतो का?"

माझी कामाची वर्षं चांगली गेली. धुळ्याकडून येणारा ट्रकवाला मला लांबून ओळखायचा. लोक माझ्याखाली उभं राहून फोटो काढायचे. "भाईदासचं भरीत खाल्लं का?" असं जळगावपर्यंत म्हणायचे. भाईदासने आयुष्यात एकही वांगं भाजलं नव्हतं. त्या भरिताच्या पैशातून दुकानामागची जमिनीची पट्टी विकत घेतली गेली. सातबाऱ्यावर नाव चढलं भाईदासचं. वीजबिल त्यांच्या नावाने, गॅसची टाकी त्यांच्या नावाने. पुष्पाबाईचं नाव कुठे होतं? रेशनकार्डावर दुसऱ्या ओळीत.

मग रस्ता चौपदरी व्हायला निघाला. मोजणीवाले आले, खांब रोवले, आणि एके दिवशी जेसीबीने दुकान अर्ध्या तासात झोपवलं. दुकान गेलं, मागची पट्टीही गेली. मला घरी आणलं आणि ओट्याच्या कडेला शेळ्यांना आडोसा म्हणून उभं केलं. अक्षरं भिंतीकडे आणि काजळी धरलेली पाठ बाहेर, अशी. शेळ्या मला शिंगं घासायच्या. ज्या पाटीखाली लोक रांग लावत होते, तिच्यामागे आता लेंड्या पडत होत्या. यावर मी चार ओळी रडू शकले असते. पण ओट्यावर जे चाललं होतं ते माझ्या दुःखापेक्षा मोठं होतं, आणि मला तिथून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मोबदला आला होता, वीस लाख. त्या घराने एवढा पैसा एकत्र कधी पाहिला नव्हता. पुष्पाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट होती. नव्या सर्व्हिस रोडला लागून सुकलालची जागा होती, आणि ती त्याने सोळा लाखांना द्यायचं कबूल केलं होतं. पण सुकलालच्या भावाभावांची वाटणी अजून व्हायची होती. तो म्हणाला, "अक्का, वरीसभर थांबा. वाटणी झाली की पहिली खरेदी तुमची." म्हणजे वर्षभर पैसा कुठेतरी नीट सांभाळायचा होता. तो गेला तर जागा गेली, जागा गेली तर चूल गेली. पुष्पाबाई साठीच्या पुढची. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला तिच्याकडे दुसरा जन्म नव्हता.

पैसा सांभाळायचा मार्ग आबांना लगेच सापडला. तालुक्यात एक सहकारी बँक होती. नाव घेत नाही, कारण अशा बँकेला नाव कोणतंही चालतं. तिचा चेअरमन आबांचा लांबचा सोयरा. तो स्वतः घरी आला. शाल दिली, नारळ दिला, इतरांपेक्षा अर्धा टक्का व्याज जास्त देतो म्हणाला. आमच्या खान्देशात एकदा का सोयऱ्याने शाल पांघरवली, की माणूस प्रश्न विचारत नाही. त्याला वाटतं, प्रश्न विचारला तर शाल काढून घेतील.

आबांनी पाच-पाच लाखांच्या चार पावत्या केल्या. चारही स्वतःच्या एकट्याच्या नावाने. वारस मात्र वेगवेगळे लावले. एकीला पुष्पाबाई, दुसरीला मुलगा हितेंद्र, तिसरीला मुलगी रोशनी, चौथीला नातू. भरीत सेंटरचं जुनं खातं त्याच बँकेत होतं, त्यात दोन लाख पडून होते. आबा मिशीला पीळ देऊन सांगायचे, "बँक बुडनी तरी सरकार पाच लाखना विमा देस. मन्या चार पावत्या, चार वारस. बठ्ठं सेफ शे."

मित्रांनो, हे ऐकायला किती बरोबर वाटतं! खोटं असं बरोबर वाटतं म्हणूनच विकलं जातं. काउंटरवर बसलेल्या माणसाला खरं ठाऊक नसेल असं मी मानत नाही. तो गप्प बसला. ठेव येत असताना बँकेत कोणी बोलत नाही.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, मांडे आणि आमरस होतो. रोशनी धुळ्याहून आली. जळगावला मास्तर असलेला हितेंद्रही आला. सगळे ओट्यावर जेवायला बसले. आबांनी पावत्यांची गोष्ट पुन्हा मोठ्या तोंडाने सांगितली. रोशनी ऐकत राहिली. मग ती उठली आणि आमरसाच्या चार वाट्या भरून आबांच्या पुढ्यात एका ओळीत मांडल्या.

"आबा, ह्या चार वाट्या कोणाच्या?"

"मन्या. दुसरा कोन्या?"

"आणि खाणारं तोंड?"

"एक. तू काय मोजी राह्यनी व?"

"विमावालापण हेच मोजतो. बँक बुडाली की तो वाट्या मोजत नाही, तोंडं मोजतो. एका बँकेत एका माणसाचे कितीही कागद असू द्या, सगळे एकत्र धरून पाच लाख. मुद्दल आणि व्याज मिळून पाच. वर एक रुपया नाही."



हितेंद्र मास्तर म्हणाला, "असं कसं? वारस वेगवेगळे लावलेत ना."

"वारस म्हणजे आबा गेल्यावर घ्यायला येणारा. आबा तर इथे बसून रस ओरपताहेत. तोवर पैसा एकट्या आबांचा."

"आखाजीना दिन माले मारी राह्यनी का?" आबा म्हणाले. हसू आलं, पण कोणाचंच टिकलं नाही.

"मग दोन पावत्या जळगावच्या शाखेत टाकू," हितेंद्र म्हणाला.

"दादा, डोकं एक आणि पाय दोन, अशी गोष्ट आहे. डोकं फुटल्यावर पाय कुठे चालत जातात? शाखा शंभर असल्या तरी बँक एकच धरतात."

"तू कुठून शिकलीस एवढं?"

"माझ्या सासऱ्यांकडून. आधी त्यांनी घालवले, मग आम्ही शिकलो." रोशनीचा आवाज खाली आला. "त्यांच्यापण तीन पावत्या होत्या. तीन वारस, पण नाव एकट्याचं. बँकेवर निर्बंध आले. पंधरा लाखांतले पाच हातात पडले. आता ते कोणाशी बोलत नाहीत. टीव्ही लावतात आणि आवाज बंद करून बघत बसतात."

पुष्पाबाईच्या हातातला मांडा तसाच राहिला. सुकलालची जागा तिच्या डोळ्यांपुढून सरकत गेली असणार. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. पण तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, ते ऐकलं.

रोशनीने सांगितलं की सगळ्यात सोपी वाट म्हणजे पैसा दोन-तीन बँकांत वाटून टाकणं, कारण प्रत्येक बँकेचे पाच लाख वेगळे धरतात. आबा उसळले. सोयऱ्याच्या तोंडावर पैसा काढून घ्यायचा? त्याने शाल दिली होती! रोशनी म्हणाली, "शालीवर विमा नसतो, आबा." तरी ते ऐकेनात.

"बरं. बँक नाही बदलायची ना? मग नावं बदला."

तिने वाट्या पुन्हा हातात घेतल्या. एक आबांच्या पुढे ठेवली, ही आबांच्या एकट्याच्या नावाची. दुसरी पुष्पाबाईच्या पुढे, तिच्या एकटीच्या नावाची. तिसरी दोघांच्या मध्ये.

"ही दोघांची. आबांचं नाव पहिलं, मायचं दुसरं."

चौथीही मध्येच ठेवली, पण मायच्या बाजूला सरकवून.

"हीपण दोघांची. पण मायचं नाव पहिलं, आबांचं दुसरं."

"नावं तीच, मग वेगळं कसं?" हितेंद्रने विचारलं.

"नियमच तसा आहे. नावांचा क्रम बदलला की ते वेगळ्या हक्काचं खातं धरतात. चारही वाट्यांना पाच-पाच लाखांचं कवच वेगळं. मी धुळ्यात दोन ठिकाणी विचारून आले. आणि पूर्ण पाच ठेवू नका. साडेचार ठेवा, म्हणजे व्याजाला जागा राहील. उरलेले दोन लाख पोस्टात टाका. पोस्टाला सरकारचीच हमी असते."

मला वाटलं, आबा आता पैशांचं काहीतरी विचारतील. पण आबांच्या डोळ्यांपुढे फक्त चौथी वाटी होती.

"मनं नाव दुसरं?" त्यांचा आवाज चढला. "आखा गावमा कोन्ही पत्रिकावर मनं नाव दुसरं नही. त्या रोहिदास नानाले देखा. पैसा पोऱ्यासना नाववर करा, आनि आते खळामा एकला झोपस. नाव खाले गये का मानूसबी खाले गया!"

ही भीती खोटी नव्हती, मित्रांनो. गावात म्हातारी माणसं नाव जपतात ती उगाच नाही. नाव पुसल्यावर पोरांनी काय केलं, ते त्यांनी पाहिलेलं असतं. रोशनीलाही ते कळत होतं. ती म्हणाली, "मग दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसा निघणार नाही, असं लिहून घ्या. तुमची सही लागणारच. माय काय तुम्हाला टाकून पळून जाणार आहे?"

"जाई कोठे ती!" आबा गुरगुरले. "पन पहिलं नाव तिनं कसाले? पैसा मना शे. जागा मनी व्हती. दुकान मनं व्हतं."

तेव्हा पुष्पाबाई बोलली. इतकी वर्षं ती माझ्याखाली राबली, पण या विषयावर तिने तोंड उघडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढवला नाही. मांडा मोडत मोडत म्हणाली,

"वांगं कोनी भाजं?"

एवढंच. मग तिने नातवाच्या ताटात रस वाढला.

आबा ताटावरून उठले. रागाने ओट्याच्या कडेला आले आणि त्यांचा पाय मला लागला. मी धडाडकन शेळ्यांवर पडले. शेळ्या बोंबलल्या. आबांनी वाकून मला उचललं. माझ्या पाठीवर चुलीची वर्षांनुवर्षांची काजळी होती. ती त्यांच्या दोन्ही हातांना लागली, बोटांना, तळव्यांना, मनगटापर्यंत. त्यांनी हात धोतराला पुसले. निघाली नाही. भरिताची काजळी तेलकट असते, ती पाण्यानेही जात नाही. पुष्पाबाईच्या हातांची ती आयुष्यभर गेलीच नव्हती. आबा हातांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मला पुन्हा टेकवलं, पण या वेळी अक्षरं बाहेर करून.

सोमवारी दोघं बँकेत गेली. पावत्या मोडताना थोडं व्याज तुटलं. आबांनी ते आठवडाभर रोशनीला फोनवर ऐकवलं. पण तीन पावत्या ती म्हणाली तशा झाल्या, साडेचार-साडेचार लाखांच्या. एकीवर पुष्पाबाईचं एकटीचं नाव, एकीवर आबा-पुष्पाबाई, एकीवर पुष्पाबाई-आबा. दीड लाख पोस्टात पडले. सही करताना पुष्पाबाईने विचारलं म्हणे, "कोठे करू?" कारकून म्हणाला, "पहिल्या जागेवर, आजी." घरी आल्यावर ती हे दोनदा बोलून दाखवत होती.

पण माणूस सगळंच एकदम सोडत नाही. आबांनी स्वतःच्या नावाची पाच लाखांची पावती तशीच ठेवली, पन्नास हजारसुद्धा कमी केले नाहीत. आणि भरीत सेंटरच्या खात्यातल्या दोन लाखांना हातच लावला नाही. रोशनीने फोनवर सांगितलं, तेही हलवा, दुकानाचं खातं आणि तुमचं खातं एकच धरतात. आबा म्हणाले, "ते दुकाननं शे. मनं थोडंच शे? पाटी वेगळी, मानूस वेगळा."

"पाटीवर प्रोप्रा. कोण आहे, आबा?"

"बठ्ठं तुम्हीच करा मंग! म्हातारानं काय काम शे?" आणि फोन ठेवला.

मी समोरच उभी होते. माझ्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी वाचलं नाही. दुकानात भागीदार असते तर भागीदारीचं खातं वेगळं धरलं गेलं असतं. पण जिथे मालक एकटाच, तिथे दुकान आणि माणूस मिळून एकच तोंड. तेवढे दोन बारीक शब्द होते माझ्या तळाला.

हिवाळ्यात बँकेवर निर्बंध आले. एका सकाळी गेटवर कागद चिकटला. गेटबाहेर माणसं जमली, चेअरमनचा फोन बंद. जो माणूस शाल घेऊन दारात येतो, त्याचा फोन अशा दिवशी नेमका बंद असतो. हे मी एकट्या त्याच्यापुरतं बोलत नाही. असे चेअरमन आम्ही जन्माला घालतो. प्रश्न विचारला की आम्हाला लाज वाटते, आणि पैसा बुडवला तरी त्यांना वाटत नाही.

त्या दिवसांत हाशम पेंटर आबांना भेटायला आला. आता त्याचा हात थरथरायचा. डिजिटल फ्लेक्सवाल्यांनी त्याचा धंदा केव्हाच खाल्ला होता. आबा त्याच्यापुढे बँकेला शिव्या देत होते. हाशमने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हाला निदान रांग तरी आहे. माझ्या पतसंस्थेला रांगपण नव्हती. पतसंस्थेला हा विमा लागूच नसतो. दारावर 'ठेवी सुरक्षित' मीच रंगवलं होतं, माझ्या या हाताने. त्यांनी त्या पाटीचे पैसेपण माझ्या ठेवीत जमा केले."

आबा हसले. चहा आला. दोघांनी बशीत ओतून प्यायला.

विम्याच्या पैशांसाठी बँकेने कागद मागितले, ओळखपत्रं घेतली, दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर घेतला. हा विमा ठेवीदाराने काढायचा नसतो. हप्ता बँकच भरते आणि पैसे ठेव विमा महामंडळ देतं. निर्बंध लागल्यापासून तीन महिन्यांच्या आत पैसे यायला हवेत असा नियम आहे. त्या तीन महिन्यांत पुष्पाबाई रोज सकाळी सुकलालच्या रिकाम्या जागेपर्यंत चालत जायची आणि परत यायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "पाय मोकळा करी येस."

पैसे आले. तिच्या पावतीचे पूर्ण आले, व्याजासकट. दोघांच्या दोन्ही पावत्यांचे पूर्ण आले. आबांच्या एकट्याच्या नावावर मात्र पावती आणि दुकानाचं खातं मिळून पाचच लाख आले. दोन लाख आणि त्यांच्या पावतीचं व्याज राहिलं. बँकेची मालमत्ता विकली जाईल तेव्हा काही हाती लागेल म्हणतात. आबा अजून वाट पाहताहेत.

"दोन लाख पाटीनी खादात," ते म्हणाले.

मी नाही खाल्ले. माझ्यावर काय लिहायचं ते कोणी सांगितलं होतं, ते हाशमला विचारा.

पुढच्या आखाजीच्या आधी सुकलालच्या जागेची खरेदी झाली. खरेदीखतावर दोन नावं आहेत, आणि पहिलं कोणाचं ते मी सांगायला नको. जागा झाली, चूल झाली, वर पत्र्याचं छप्पर झालं. मग मात्र हात आखडला. त्या दोन लाखांत काचेचं काउंटर होणार होतं, दिव्यांची मोठी फ्लेक्स पाटी होणार होती. ते काही झालं नाही. म्हणून शेळ्यांमागून मला बाहेर काढलं. ऐका नीट, मला कोणी आठवण म्हणून आणलं नाही, जुन्या वस्तूवरच्या मायेनेही नाही. पैसे कमी पडले म्हणून मला नोकरी परत मिळाली. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

हाशमला बोलावलं. त्याने मला घासलं. गंज गेला, जुनी अक्षरं गेली, तळाचं 'प्रोप्रा.'ही गेलं. वांगं मात्र त्याने राहू दिलं, त्यावर फक्त नवा हिरवा हात फिरवला. मग ब्रश भिजवला, थरथरणारं मनगट डाव्या हाताने धरलं आणि चुलीकडे तोंड करून विचारलं,

"भाभी, नाव कोणाचं टाकू?"

पुष्पाबाईने धुरातून मान वर केली. बाजेवरून आवाज आला.

"इचारनं काय त्यामा?"

हाशमचा ब्रश हवेत थांबला.

"वांगं कोन भाजस?" आबा म्हणाले. "तिनंच टाक."

पुष्पाबाईने जाळावरचं वांगं उलटवलं. मग म्हणाली, "त्यासनंबी टाक, हाशमभाई. दुसरं."

तर मित्रांनो, पाट्या, छत्र्या, खुर्च्या जपा असं मी सांगणार नाही. आज घरी गेल्यावर जेवताना आपल्या आबांना, मायला, नानांना एवढं विचारा: आपले पैसे कोणत्या बँकेत आहेत? ती बँक आहे की पतसंस्था? सगळे एकाच्याच नावावर आहेत का? पहिलं नाव कोणाचं, दुसरं कोणाचं? ते रागावतील. तुम्हाला काय करायच्या चौकशा, म्हणतील. रागावू द्या. चांगल्या दिवसांत विचारलेल्या प्रश्नाने फक्त राग येतो. तोच प्रश्न बँकेच्या बंद गेटबाहेर उभं राहून विचारला तर उत्तर द्यायला कोणी नसतं. आणि घरात ज्याच्या हाताला काजळी आहे, त्याचं नाव कागदावर कुठे आहे तेही बघून घ्या.

हाशमची अक्षरं आता थोडी वाकडी आलीत. ट्रकवाले खाली उतरतात, मला वाचतात आणि विचारतात, "ही पुष्पाबाई कोण?" तेव्हा आबा गल्ल्यावरून चुलीकडे बोट दाखवतात. उठून उभं राहून दाखवतात.